सरस, चाक आणि महारकी



मी काही विचारवंत नाही. जी चार पुस्तकं वाचली ती रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, तीही दुसऱ्याची मागून. आयुष्य गेलं स्टीलच्या भांड्यांना चकाकी देण्यात. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात १९८६ साली बफिंगच्या मशीनसमोर उभा राहिलो, आणि छाती साथ देईना तेव्हा बाजूला झालो. राहायला चिंचोटीला. हायवेवरून भिवंडीचा रस्ता फुटतो त्या नाक्याच्या आत, डोंगराच्या अंगाला आमची चाळ. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. पावसाळ्यात मुंबईची पोरं धबधबा बघायला याच वाटेनं जातात. त्यांना आमची चाळ दिसत नाही. आम्हाला त्यांच्या गाड्या दिसतात.

तुमच्यापुढं एक प्रश्न ठेवायचाय. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर सापडायला माझ्या घरात भांडण व्हावं लागलं. झिजलेलं, तुटलेलं हत्यार घरी आणून दुरुस्त करणं, परत चालतं करणं, हा सद्गुण की गुलामी?

आधी काम काय ते सांगतो. आपल्याकडं श्रमावर बोलणारे पुष्कळ, पण काम कसं होतं ते विचारणारे थोडे.

भांडं प्रेसमधून निघतं तेव्हा त्यावर ओरखडे असतात, डाग असतात. ते घासून काढायला एमरीचं चाक लागतं. हे चाक म्हंजे कापडाच्या गोल चकत्या, एकावर एक ठेवून घट्ट शिवलेल्या. कडेला सरस लावायचा आणि त्यावर एमरीची भुकटी बसवायची. खरखरीत कामाला ऐंशी नंबर, मग एकशेवीस, एकशेऐंशी, असं बारीक होत जायचं. भांडी घासता घासता एमरी झडते, गुळगुळीत होते, चाक कापेनासं होतं. पण आतलं कापड शाबूत असतं. म्हणून चाक फेकत नाहीत. जुना थर खरवडून त्यावर पुन्हा एमरी चढवतात.

हे चढवणं म्हंजे कौशल्याचं काम. सरसाच्या वड्या रात्रभर गार पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी त्या फुगून लिबलिबीत होतात. मग सरसाचा डबा दुसऱ्या पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर वितळवायचा. उकळी येऊ द्यायची नाही; उकळला की सरसाची ताकद गेली. चाक आणि भुकटीही कोमट करून घ्यायची, नाहीतर सरस लावताक्षणी गोठतो. ब्रशानं कडेला सरस फासायचा, परातीत एमरी पसरून त्यात चाक दाबून फिरवायचं. वाळलं की दुसरा हात. मग एक-दोन दिवस सुकू द्यायचं. शेवटी लोखंडी नळीनं कडेवर तिरके ठोके द्यायचे, म्हंजे थराला बारीक भेगा पडतात आणि चाक भांड्याच्या गोलाईवर बसतं.

यात चूक झाली तर काय होतं? मशीन मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे घेतं. दहा इंची चाकाची कड त्या वेगात ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर पळते. थर एका बाजूला जड झाला तर चाक थडथडतं, भांडं हातातून हिसकावून घेतं. थर सुटला तर त्याचा तुकडा सरळ तोंडावर येतो. म्हंजे घरी परातीत केलेलं काम नीट झालं की नाही, याचा निकाल दुसऱ्या दिवशी माझ्याच चेहऱ्यावर लागायचा.

आता हे काम घरी का? तर शेठ म्हणाला, "तुम्ही लोक चाकं फार लवकर खाता. चाकाचे पैसे पगारातून कापू, का घरी नेऊन भरून आणता?" शेठचं नाव देत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात.

आम्ही घरी नेऊन भरू लागलो. शनिवारी संध्याकाळी गोणपाटात दहा-बारा चाकं बांधून मी चिंचोटीला यायचो. लागून असलेल्या फर्निचरच्या गाळ्यातली पोरंही तशीच. ती तुटलेले पॉलिशपेपरचे पट्टे घरी न्यायची. टोकं तिरकी कापून, तेवढ्या जागेची खर काढून, मागून पट्टी चिकटवून, वर वजन ठेवून सांधायची. लाकडाच्या भुश्शानं भरलेला पट्टा जुन्या चपलेच्या क्रेपच्या तळव्यानं घासून मोकळा करायची. माझ्या घरात बायको सरस ढवळायची. आठ वर्षांची पोरगी परातीत चाक फिरवायची. तिला तो खेळ वाटायचा. तिच्या वहीच्या पानांत एमरी, अंथरुणात एमरी, भाकरीत कचकच. मला अभिमान वाटायचा. वाटायचं, बघा, आमच्या हातून काही वाया जात नाही.

१९९१ च्या पावसाळ्यात बाप गावाकडनं आला. बीड जिल्ह्यातला माणूस, सत्तरीला टेकलेला. त्या दिवसांत सरस लवकर वाळत नाही. दोन दिवस ओला राहिला की कुजतो, आणि कुजला की घरभर वास मारतो. बाप दारात पाय धुवून आत आला अन् थांबला.

"ह्ये काय शिजाय घातलंय रं?"

"सरस हाय बा. चाकाला लावायचा."

"कशाचा असतोय ह्यो?"

मी गप्प. सरस कशाचा असतो ते मला ठाऊक होतं. कातड्याची कात्रणं, हाडं, शिरा शिजवून तो काढतात. बापानं वास ओळखला होता. तो काही बोलला नाही, घोंगडी घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. रात्री जेवायलाही आत आला नाही.

त्या रात्री मी स्वतःशीच वाद घातला. माझ्या आज्यानं मेलेली ढोरं ओढली होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ती सोडायला सांगितली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडलाच त्यांनी आयाबायांना सांगितलं की अंगावरची, राहणीतली जुनी खूण टाका. गावोगाव लोकांनी ढोरं ओढणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्यात उत्पन्न बुडतं असा हिशेब वरच्यांनी मांडला तेव्हा बाबासाहेबांचं उत्तर होतं, फायदा दिसतो तर तुम्हीच करा. आणि त्या आज्याचा नातू मी, चिंचोटीच्या चाळीत त्याच कातड्याचा काढा शिजवत होतो. बापाला हेच लागलं असणार, असं मी धरून चाललो.

मग मनात उलटा विचार आला. हा सरस कुणाकुणाच्या घरात जातो? माझ्या चाकावर घासलेल्या ताटात कोण जेवतं? ताम्हन, तांब्या, देवापुढची ताटली, सगळ्यांना चकाकी या सरसाच्या जोरावर. त्या चकाकीचा कुणाला विटाळ होत नाही. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणकाम खात्याची दारं आपल्या माणसांना बंद होती, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनसमोर ठेवला तेव्हा कुठं त्याची दखल घ्यावी लागली. म्हंजे विटाळ वस्तूत नसतो. ज्याचा फायदा वर जातो ती वस्तू शुद्ध. ज्याचा हक्क खाली येऊ पाहतो तो माणूस अशुद्ध.

हे मला पटलं. पण मन शांत होईना. कारण प्रश्न नुसता कातड्याचा नव्हता, जुन्याचा, झिजलेल्याचा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय वापरावं ते लिहिलंय: कपडे प्रेताचे, जेवण फुटक्या भांड्यात, दागिने लोखंडाचे. म्हंजे दुसऱ्याला नको झालेलं, तेच आपलं. उतरण. शिळं. फुटकं. आपल्या कित्येक पिढ्या ठिगळ लावण्यातच गेल्या. मग मी चाकाला एमरीचं ठिगळ लावतो, हे त्याच परंपरेतलं नाही काय? आणि गंमत बघा, ज्याला फुटक्या भांड्यात जेवायला सांगितलं तोच दुसऱ्याची भांडी आरशासारखी करतो.

याच्या समोर मला धम्मातली एक गोष्ट आठवली. विनयात ती आहे. कोसंबीला राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजाला वाटलं, एवढ्या चीवरांचं हा भिक्खू काय करणार, दुकान मांडणार? त्यानं आनंदाला विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरलीत त्यांना देऊ. मग विरलेल्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? खाली अंथरायला. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही झिजली की ती कुटून, चिखलात मळून भिंतीला लिंपू. राजाला शंका उरली नाही.

आणि भिक्खूचं पांसुकूल चीवर कशाचं? उकिरड्यावरच्या, मसणातल्या चिंध्या वेचून शिवलेलं. म्हंजे मनूनं चांडाळाच्या अंगावर घातलेलं कापड मसणातलं आणि भिक्खूनं शिवलेलं कापडही मसणातलं. कापड एकच, मग फरक कशात? एकाला ते नेसायची सक्ती आहे, दुसऱ्यानं ते निवडलंय. एकाला ते नेसून गावाबाहेर राहायचंय, दुसऱ्याला ते नेसून राजाही प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो. आणि आनंदाच्या हिशेबात वाचलेला प्रत्येक तुकडा संघाचा होतो, एकट्या कुणाच्या गल्ल्यात जात नाही.

इथवर आलो आणि मला वाटलं, सुटलो. दुरुस्ती हा माझा धम्मच आहे. सकाळी बापाला ही गोष्ट सांगायची असं ठरवलं.

सकाळी ओट्यावर गेलो तर बायको आधीच तिथं चहा घेऊन बसलेली. मी आनंदाची गोष्ट सुरू केली. तिनं निम्म्यात तोडली.

"ते ऱ्हाऊ द्या. मामा, मी यांस्नी चार म्हैने झालं इचारतेय, ह्या रातीच्या कामाचा पगार कोन देतं? सरस मी ढवळायचा, पोरीनं चाक फिरवायचं, रॉकेल आपलं, चूल आपली. आन् पगार किती? तर शेठ पैसं कापत न्हाई ह्योच पगार."

बाप हसला. रात्रभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर काही उमटलं.

"मला कातड्याचा वास न्हाई आला पोरी," तो म्हणाला. "कातडं म्या लई बघितलंय. म्या बघितली ती ल्हान पोरगी, अर्ध्या रातीला परात घिऊन बसल्याली. म्हटलं, ह्यो तर महारकी करतोय. म्हंजे एकटा न्हाई, समदं घर जुंपलंय."

मित्रहो, मी तिथंच खाली बसलो.

महारकी म्हंजे काय ते बापानं अंगावर काढलं होतं. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी वतनाचं बिल मांडलं तेव्हा त्यांची तक्रार काय होती? महाराला कामाचे तास नाहीत. दिवसा-रात्री कधीही बोलावणं. मोबदला तुटपुंजा, तोही दुसऱ्याच्या मर्जीवर. आणि वतनदार हजर नसला तर घरातल्या कुणालाही कामाला धरणार. राबणूक एका माणसाची नव्हती, सगळ्या घराची होती. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. पण वतन गेलं म्हणून वतनाची रीत गेली असं समजू नका. ती शहरात आली, गाळ्यात शिरली, आणि माझ्या घरी गोणपाटात बांधून मीच आणली.

कायदा काय सांगतो तेही बघा. १९३६ च्या वेतन कायद्यात होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान त्याच्या हलगर्जीमुळं झालं असेल तरच पैसे कापता येतात, तेही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. चाक झिजणं ही हलगर्जी नव्हे. चाक झिजलं म्हंजे काम झालं. झिजलं नसतं तर भांडं चमकलंच नसतं. बाबासाहेब मजूर मंत्री असताना त्यांनी मांडलेल्या बिलामुळं १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांचा ४८ वर आला. माझ्या हजेरीवरही ४८ च लिहिलेले असायचे. परातीपुढचे तास कुठल्या वहीत होते?

शेठवर बोट ठेवणं सोपं होतं. पण बापाच्या बोलण्यात दुसरं एक बोट माझ्याकडं होतं. शेठनं मला राबवलं. बायकोला आणि पोरीला कुणी राबवलं? मी. तिनं चार महिने पगाराचं विचारलं आणि मी तिला काटकसर शिकवत बसलो. गावचा पाटील जसा म्हणायचा की ही तुमची पिढीजात सेवा आहे, तसाच मी म्हणत होतो की हे आपलं घरचंच काम आहे. घरात मी पाटील झालो होतो. चळवळीतल्या मित्रांनो, हे वाक्य लिहायला मला तीस वर्षांहून जास्त लागली. तुम्ही इतका वेळ लावू नका.

मग काय केलं? क्रांती वगैरे झाली नाही. आम्ही पाचजण होतो. शेठला सांगितलं, चाकं भरू, पण गाळ्यात, दिवसा, कामाच्या तासात. आणि घरी न्यायचीच तर चाकामागं दर ठरवा. शेठनं आधी दोघांना घरी बसवलं. त्यातला एक मी. तीन महिने मी नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम केलं. नवीन पोरांनी भरलेली चाकं थडथडायला लागली, एकाच्या कपाळावर थर सुटून लागला, तेव्हा मला परत बोलावणं आलं. चाकं गाळ्यातच भरायची आणि त्या दिवशी भांड्यांचा आकडा कमी धरायचा, एवढं मान्य झालं. दुसरा जो बसवला होता त्याला परत घेतलं नाही. तो गावी गेला. आमच्या विजयात त्याचा वाटा होता, विजय मात्र त्याला मिळाला नाही. हा हिशेब अजून माझ्याकडं बाकी आहे.

पोरीनं परात सोडली. पण माझी छाती सुटली नाही. एमरी, कापड, सरस आणि स्टीलची धूळ. स्टीलमध्ये क्रोमियम असतं, निकेल असतं. ती धूळ गाळ्यात नाकात गेली आणि घरी अंथरुणात. धूळ ओढून घेणारा पंखा बसवायला पैसे लागतात. तोंडाला फडकं बांधायला लागत नाहीत. म्हणून आम्हाला फडकं मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. आता तयार चाकं मिळतात, पट्टे विकत आणून फेकून देतात. कुठं देतात फेकून, कुठं नाही. चिंचोटी-कामणच्या रस्त्याला गाळे वाढतच गेलेत. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा माणसांची अट होती; २०२० च्या संहितेनं ती वीस केली. म्हंजे एकोणीस माणसांचा गाळा कारखानाच नाही. अशा गाळ्यातला झिजलेला माल कुणाच्या पिशवीतून कुणाच्या घरी जातो, ते शनिवारी संध्याकाळी नाक्यावर उभं राहून बघा.

दुसरीकडं शहाणी माणसं सांगू लागलीत की वस्तू फेकू नका, दुरुस्त करा, पृथ्वी वाचवा. बरोबर आहे. मीही तेच म्हणतो. आपल्या लोकांनी आयुष्यभर दुसरं केलंय काय? पण सफाई आणि दुरुस्ती करणाऱ्यानं हात काढून घेतला की मग कळतं ती कुणाच्या जिवावर चालली होती. जुलै २०१६ मध्ये ऊना इथं आपल्या पोरांना मेलेल्या गाईचं कातडं काढतात म्हणून मारलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. आमच्या दारावरून जाणारा हायवेच पुढं गुजरातेत जातो. त्या दिवसांत मी ओट्यावर बसून त्या रस्त्याकडं बघत होतो आणि मला बापाची घोंगडी आठवत होती.

तर माझं म्हणणं एवढंच. दुरुस्तीला चांगलं-वाईट म्हणण्याआधी चार प्रश्न विचारा. हे करायचं कुणी ठरवलं? हत्यार कुणाचं? वाचलेला पैसा कुणाकडं गेला? आणि धूळ कुणाच्या छातीत गेली? चारही उत्तरं आपल्या बाजूची असतील तर ती आनंदाची दुरुस्ती. नसतील तर ती महारकी, मग तिला काटकसर म्हणा, निष्ठा म्हणा, नाहीतर घरचं काम म्हणा. आणि हे प्रश्न शेठला विचारण्याआधी स्वतःच्या घरात विचारा. वस्तीत सभा ठेवाल तेव्हा बायकांना सतरंजी झाडायला नव्हे, हा हिशेब मांडायला बोलवा. माझ्या घरात पहिला प्रश्न बायकोनं विचारला होता.

मी अजून दुरुस्ती करतो. घराला रंग काढताना वापरलेला पॉलिशपेपर फेकत नाही. कडा कापून, मागून कापड चिकटवून जपून ठेवतो. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, मी चिकटवू का?" मी म्हटलं, "तुझा अभ्यास झाला असेल आणि तुला आवडत असेल तर चिकटव."

ती म्हणाली, "नाही आवडत." आणि खेळायला गेली.

बाप असता तर हसला असता.

जयभीम.